विद्यापीठाचे विद्यार्थी आणि गावचे शिवार

मृगाचा पाऊस पडून पेरण्यांची घाई सुरू झाली की शिरूर व दौंड तालुक्यांतील काही गावांत शेतकी महाविद्यालयांचे विद्यार्थी येऊन दाखल होतात. गावकरी त्यांना कृषिदूत म्हणतात. मुलींचा गट असेल तर कृषिकन्या. पुढे दिवाळी उलटून थंडी पडू लागली की दुसरे विद्यार्थी येतात. हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक होत. पहिल्यांचा गावाशी संबंध सुमारे दोन महिने राहतो, तर दुसऱ्यांचे शिबिर सात दिवसांत आटोपते. दोघांची पुस्तके वेगळी, दोघांची विद्यापीठेही वेगळी. परंतु त्यांना गावी धाडण्यामागील हेतू मात्र एकच आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणास चार माणसांना बरोबर घेऊन एखादे काम तडीस नेता यावे, ह्यासाठी ही योजना आहे. विद्यापीठाच्या भाषेत ह्यालाच नेतृत्वविकास म्हणतात.

गावास ह्या हेतूशी काय कर्तव्य, असे एखाद्या शेतकऱ्याने विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही. विद्यार्थी शिकून जाईल, त्यास गुण मिळतील. गावाच्या पदरात काय पडले? ह्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी गावाच्याच हाती आहे. गावाने त्या विद्यार्थ्यांकडे कोणते काम सोपविले व ते कोणत्या दिवसांत करवून घेतले, ह्यावर दोघांचाही लाभ अवलंबून असतो.

ही कल्पना आजकालची नाही. १९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचविले होते. पुढे १९५९ साली ह्या विषयावर एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख हे होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री होऊन गेले होते. महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी, अशी त्यांच्या समितीची शिफारस होती. ती अमलात आली नाही. प्रा. सय्यदैन यांनी अन्य देशांतील अनुभव पाहून सक्तीऐवजी स्वेच्छेचा मार्ग सुचविला, कोठारी आयोगाने समाजसेवेला शिक्षणाचे अंग मानले, आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. त्यानंतर थोड्याच काळात महाराष्ट्रावर १९७२ चा दुष्काळ कोसळला. १९७३ मध्ये ह्या योजनेच्या विशेष शिबिरांना ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय देण्यात आला होता. शिरूर-दौंडच्या जिरायत गावांतील वृद्ध मंडळींना त्या वर्षांची आठवण करून द्यावी लागत नाही.

योजनेचे नियम थोडक्यात असे आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत मिळून २४० तास, म्हणजे वर्षाकाठी १२० तास काम करावयाचे असते. ह्याखेरीज त्यास एक सात दिवसांचे विशेष शिबिर पुरे करावे लागते. महाविद्यालयाने एखादे गाव दत्तक घ्यावे व शिबिर शक्यतो तेथेच भरवावे, अशी अपेक्षा असते. गावकऱ्यांना सात दिवसांचे शिबिर तेवढे दिसते. वर्षभर विखुरलेले १२० तास मात्र त्यांच्या नजरेस येत नाहीत, आणि खरी भर तर त्या तासांतच आहे. ह्याविषयी पुढे येईलच.

शिबिराचा दिवस कसा जातो?

पहाटे उठून प्रार्थना व व्यायाम, न्याहारीनंतर श्रमदान, दुपारी भोजन व विश्रांती, त्यानंतर व्याख्यान, सायंकाळी गावफेरी आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम, अशी साधारण आखणी असते. ही आखणी पाहून संत गाडगे महाराजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दिवसा हाती खराटा आणि रात्री कीर्तन हाच त्यांचा क्रम होता. परंतु महाराज गाव झाडीत ते गावकऱ्यांच्या हाती खराटा यावा म्हणून. विद्यार्थी गाव झाडत आहेत आणि गावकरी पारावर बसून पाहत आहेत, असे चित्र जेथे दिसते तेथे शिबिराचा निम्मा अर्थ हरवलेला असतो. उद्घाटनाच्या व समारोपाच्या भाषणांत एक-एक सकाळ खर्ची पडते, हेही अनेक ठिकाणी अनुभवास येते. सातांतून दोन वजा केले तर पाच उरतात, हा हिशेब पाहुण्यांनी ध्यानी घेतल्यास बरे होईल.

विद्यार्थ्यांच्या अंगी नेतृत्व येते ते भाषणांतून नव्हे. पन्नास जणांच्या स्वयंपाकाला पीठ किती लागेल ह्याचा अंदाज चुकला की काय होते, हे ज्या मुलाने एकदा पाहिले तो पुढे कोणत्याही कामाची तयारी आधी करतो. किराण्याचा हिशेब रोज रात्री सर्वांसमोर वाचून दाखवावा लागला की चोख हिशेबाची सवय जडते. ज्या मुलीला एखाद्या शेतकऱ्याच्या दारी जाऊन, त्यांच्या बांधावरची माती बंधाऱ्यासाठी घेऊ द्यावी अशी विनंती करावी लागते, तिला नकार ऐकण्याचे व दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याचे शिक्षण मिळते. म्हणून गटाचा प्रमुख रोज बदलावा. बोलक्या मुलाकडेच सात दिवस सूत्रे राहिली तर बाकीचे एकोणपन्नास केवळ पाट्या उचलून घरी जातात.

शिरूर येथील सी. टी. बोरा महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकणारी बरीचशी मुले ह्याच पंचक्रोशीतील शेतकऱ्यांची असतात. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून पदवीनंतर अनेकांचे पाय तिकडे वळतात. त्यात गैर काही नाही. परंतु हीच मुले उद्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत, पाणीवापर संस्थेत बसणार आहेत. सभेपुढे विषय मांडणे, विरोध ऐकून घेणे, ठराव लिहिणे आणि त्याप्रमाणे काम झाले की नाही हे पाहणे, ह्याची तालीम त्यांना गावातच मिळाली तर तिचा उपयोग गावालाच व्हावयाचा आहे.

पाण्याचे काम आणि पंचांग

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाबळ-केंदूरचा भाग आणि दौंड तालुक्याचा दक्षिणेकडील जिरायत पट्टा पर्जन्यछायेत मोडतो. येथे शिबिर भरले की वनराई बंधाऱ्याची मागणी हमखास होते. मोहन धारिया यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने हा बंधारा ओळखला जातो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून ओढ्याच्या पात्रात त्यांची आडवी भिंत रचावयाची, एवढेच ह्याचे तंत्र. खर्च नाममात्र, आणि मनुष्यबळ मात्र भरपूर लागते. म्हणजे विद्यार्थ्यांनी करावे असेच हे काम आहे.

अडचण आहे ती तारखेची. महाविद्यालयांची शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, कारण परीक्षा त्यापूर्वी आटोपलेल्या असतात. ओढ्याला मात्र परीक्षेचे वेळापत्रक ठाऊक नसते. परतीचा पाऊस सरला की त्याची धार दिवसेंदिवस बारीक होत जाते आणि ह्या भागातील कित्येक लहान ओढे नाताळापर्यंत कोरडे पडतात. कोरड्या पात्रात बांधलेला बंधारा छायाचित्रात उत्तम दिसतो; त्यामागे पाणी साठत नाही.

ह्यावर उपाय आहे आणि तो योजनेच्या नियमांतच आहे. वर्षाच्या १२० तासांतील काही तास ऑक्टोबरात, पाऊस उघडताच, दोन रविवारी दत्तक गावी खर्च करता येतात. ग्रामपंचायतीने ह्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना गणेशोत्सवाच्या सुमारासच पत्र धाडावे. रिकाम्या गोण्या गावाने आधी गोळा कराव्यात. बांधकाम चालू असलेल्या घरांतून त्या सहज मिळतात. जागा कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यास बरोबर घेऊन मुक्रर करावी. पात्र अरुंद, काठ उंच व घट्ट आणि वरच्या बाजूस उतार कमी असेल तेथे थोड्या उंचीत अधिक पाणी तुंबते. जवळपास विहिरी असतील तर सोन्याहून पिवळे.

गोण्या काठोकाठ न भरता थोड्या सैल भराव्यात, तोंडे शिवून घ्यावीत, आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधेमोड करून रचाव्यात. दोन ओळींमध्ये माती दाबून भरल्यास गळती कमी होते. भिंतीसाठी माती काठाच्या पायथ्याची काढू नये, नाही तर पहिल्याच वाढीव पाण्याने काठ ढासळतो. जास्तीचे पाणी वाहून जाण्यास भिंतीचा एक भाग किंचित खाली ठेवावा. काम सुरू करण्याआधी जवळच्या दोन-तीन विहिरींत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी व ती तारखेसह लिहून ठेवावी. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावी. पातळी चढली तर किती, आणि न चढल्यास गळती कोठे आहे, हे शोधण्याची जबाबदारी एका ठराविक विद्यार्थ्यावर नावानिशी असावी.

मातीचा नमुना

दौंडच्या उत्तर भागाचे चित्र निराळे आहे. खडकवासल्याचा उजवा कालवा आणि भीमेचा काठ ह्यांमुळे यवत, केडगाव, पाटस ह्या टापूत ऊस पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. गुऱ्हाळे आहेत, कारखाना आहे. पाण्याची टंचाई नव्हे, तर पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव ही अशा बागायती काळ्या जमिनीची दुखणी होत. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा फुलोरा दिसू लागला तर जमीन खारवट होत असल्याचे ते लक्षण. पाणी मुरेनासे झाले, ओली असता चिकट व वाळली की दगडासारखी टणक होऊ लागली, तर ती चोपण होत आहे असे समजावे. दोहोंचे उपाय वेगळे आहेत. चोपण जमिनीस जिप्सम उपयोगी पडते. नुसत्या खारवट जमिनीस त्याचा उपयोग नाही, तेथे चर काढून क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात. निचरा दोन्हींकडे आधी हवा. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही जिप्सम टाकले, असे करणारा शेतकरी पैसा मातीत घालतो. सामू, क्षारता व विनिमयक्षम सोडियम ह्यांचे आकडे हाती आल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि त्यासाठी नमुना योग्य रीतीने घेतलेला असला पाहिजे.

येथे विद्यार्थ्यांच्या शिबिराची तारीख मात्र अगदी सोयीची पडते. डिसेंबर-जानेवारीत ऊसतोड चालू असते. तोडणी होऊन शेत मोकळे झाले आणि पुढील पिकाला अथवा खोडव्याला खत पडावयाचे आहे, असे थोडे दिवस मधे मिळतात. नमुना घेण्यास हीच वेळ चांगली. ज्या शिबिरात बंधाऱ्याचे पाणी निघून गेलेले असते त्याच शिबिरात मातीचे काम वेळेवर होऊ शकते. पन्नास विद्यार्थ्यांचे दहा गट केले व प्रत्येक गटाने दिवसाला चार शेतांतून नमुने घेतले, तर तीन दिवसांत १२० नमुने होतात. एवढे काम एकट्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याला एरवी सहजासहजी साधत नाही.

पद्धत सर्वांस ठाऊक असावी. शेतातील रंग, उतार वा पोत वेगळा असेल तर त्या त्या भागाचा नमुना वेगळा घ्यावा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, २० ते २५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी. बांध, झाडाची सावली, विहीर, उकिरडा, जनावरे बांधण्याची जागा टाळावी. सगळी माती स्वच्छ फडक्यावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नये. पिशवीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, तारीख व पूर्वीचे पीक लिहिलेली चिठ्ठी घालावी.

नमुने प्रयोगशाळेत पोहोचविले म्हणजे काम संपत नाही. पत्रिका येऊन कपाटात पडली तर सारा खटाटोप व्यर्थ. मृद् आरोग्य पत्रिकेची योजना देशात २०१५ पासून चालू आहे. पत्रिका घरात असूनही तिचा अर्थ न लावलेले शेतकरी गावोगाव भेटतात. तेव्हा ज्या गटाने नमुना घेतला त्याच गटाने पत्रिका हाती घेऊन त्या शेतकऱ्याकडे परत जावे आणि आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा. त्यासाठी त्यांना आधी तो स्वतःला समजावून घ्यावा लागेल. पदवीच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा अवघड आहे, कारण परीक्षक समोर बसलेला असतो आणि त्याच्या शेतीचा प्रश्न असतो.

कृषिदूतांचे दोन महिने

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि पुणे जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो. पुणे, बारामती अशा ठिकाणच्या कृषी महाविद्यालयांतील चौथ्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावी येतात. देशातील कृषी महाविद्यालयांसाठी पाचव्या अधिष्ठाता समितीने आखून दिलेल्या वीस आठवड्यांच्या कार्यक्रमात आठ आठवडे गावासाठी, पाच संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्रासाठी, दोन पीक चिकित्सालयासाठी व तीन शेतमाल उद्योगासाठी राखलेले आहेत. उरलेले दोन तयारीत व अहवालात जातात.

पहिल्या काही दिवसांत हे विद्यार्थी ग्रामस्थांना जमवून चावडीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढवितात. ओढे, विहिरी, रस्ते, वस्त्या, पडीक जमीन हे सारे गावकऱ्यांच्या तोंडून उमटत जाते. ज्या वस्तीचा उल्लेख कोणीच केला नाही तीही विद्यार्थ्याच्या लक्षात यावी. त्यानंतर बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण अशी प्रात्यक्षिके होतात. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, एकूण द्रावण शंभर लिटर करावयाचे असते. हे सोपे आहे. पण निंबोळ्या पावसाच्या तोंडाशीच वेचून वाळवून ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि कृषिदूत त्यानंतर येतात. गावाने निंबोळ्या आधी वेचून ठेवल्या तर प्रात्यक्षिक एका कडुनिंबाखाली न संपता वीस शेतांत पोहोचते. निंबोळ्या वेचण्याचे काम बहुधा स्त्रियाच करतात, म्हणून कृषिकन्यांनी बचत गटांच्या बैठकीत जाऊन बोलणे अधिक फलदायी ठरते.

ज्या रोगाचे निदान येत नाही त्याविषयी विद्यार्थ्याने अंदाज बांधून औषध सांगू नये. पानाचा नमुना घेऊन तो पीक चिकित्सालयात न्यावा व उत्तर घेऊन परत यावे. शेतकऱ्याचा विश्वास ज्ञानापेक्षाही परत येण्यावर बसतो.

हे तत्त्व शिरूर तालुक्याच्याच भूमीवर प्रत्यक्षात आणलेले आहे. डॉ. एस. एस. कलबाग हे एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील काम सोडून आले आणि १९८३ साली त्यांनी पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले जे. पी. नाईक हे ह्या संस्थेचे संस्थापक. शाळा सुटलेल्या मुलांना विज्ञान आश्रमाने पुस्तकापासून नव्हे, तर गावाला लागणाऱ्या सेवांपासून शिकविले. जमिनीचा विद्युत रोध मोजून विहिरीसाठी पाण्याचा ठाव घेणे, माती तपासणे, लोखंडी जाळी व सिमेंटच्या टाक्या बांधणे ही त्यांची क्रमिक पुस्तके होती. गिऱ्हाईक म्हणून शेतकरी समोर उभा असल्याने काम कच्चे ठेवण्याची सोय नव्हती. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. आश्रमाचे काम चालू आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर पाबळच्या परिसरात असेल तर एक दुपार तेथे घालविण्यास हरकत नसावी. व्याख्यानाऐवजी घालविली तरी चालेल.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ह्यासाठी एक वही ठेवावी, ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असावी आणि शिबिर कोणत्याही महाविद्यालयाचे असो, तीच पुढे चालू राहावी. विहिरींच्या पातळ्या, घेतलेल्या नमुन्यांचे गट क्रमांक, रांगोळीने काढलेल्या नकाशाची कागदावरील प्रत, कोणत्या शेतकऱ्याने कोणता प्रश्न विचारला व त्याचे उत्तर आले की नाही, ह्या नोंदी तीत असाव्यात. कृषिदूत आपला अहवाल महाविद्यालयास सादर करतात. त्याची एक प्रत गावी ठेवून जाण्यास त्यांना सांगावे. पुढील जूनमध्ये नवा गट येईल तेव्हा त्याने पुन्हा नव्याने गाव मोजण्याऐवजी ही वही उघडावी आणि ज्या विहिरींवर मागील ऑक्टोबरात खूण केली होती त्यांत प्रथम दोरी सोडावी.